क्लाउडफ्लेअरने कुणाला हाकलावं, आणि ते कुणी ठरवावं?

तारयंत्र | शनिवार, रात्री १०:५०

१६ ऑगस्ट २०१७ रोजी क्लाउडफ्लेअर या साइटना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा मुख्याधिकारी मॅथ्यू प्रिन्सने कर्मचाऱ्यांना एक मेल पाठवली. आज सकाळी उठलो तेव्हा मूड खराब होता, आणि मी या लोकांना इंटरनेटवरून हाकलायचं ठरवलं, असा तिचा सूर. 'हे लोक' म्हणजे 'डेली स्टॉर्मर' ही अमेरिकन नव-नाझी साइट. चारच दिवस आधी शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा विरोध करायला जमलेल्या लोकांवर एकाने गाडी घातली होती. त्यात हेदर हायर ही तरुणी गेली. तिच्याबद्दल या साइटने इतकं गलिच्छ लिहिलं की डोमेन (म्हणजे साइटचं नाव) विकणाऱ्या गोडॅडीने चोवीस तासांत ते दुसरीकडे न्यायला सांगितलं. ते गूगलकडे गेले, गूगलनेही हाकललं. मग क्लाउडफ्लेअरने.

त्याच मेलमध्ये प्रिन्स असंही म्हणतो की इतका अधिकार कुणाच्याच हातात असता कामा नये. अधिकार वापरायचा आणि वापरता वापरताच तो आपल्याकडे नको होता म्हणायचं! मला यात ढोंग दिसत नाही. माणूस खरंच पेचात होता असं वाटतं. पण पुढच्या पाच वर्षांत त्या पेचातून वाट काढायला कंपनीने काय केलं, हे बघितलं की सहानुभूती कमी होत जाते.

या धंद्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात. अशा साइटचा मजकूर क्लाउडफ्लेअरकडे नसतो, तो दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर असतो. क्लाउडफ्लेअर मधे उभं असतं. वाचकाची विनंती आधी त्यांच्याकडे येते, ते डीडॉस हल्ल्याची (साइट कोलमडावी म्हणून हजारो यंत्रांनी एकदम केलेली) खोटी गर्दी गाळतात, पानाची प्रत जवळच्या शहरातून देतात आणि मूळ सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवरचा त्याचा नंबर) झाकून ठेवतात. जगातल्या साधारण पाचातल्या एका साइटपुढे आज ही एकच कंपनी उभी आहे. तिने हात काढला तर साइट पुसली जात नाही, उघडी पडते. आणि अशी बदनाम साइट उघडी पडली की कुणीतरी हल्ला करून ती झोपवणारच. म्हणजे निर्णय कंपनीचा आणि अंमलबजावणी अज्ञात टोळीची. हा भाग चर्चेत नेहमी सुटतो.

३ ऑगस्ट २०१९ला टेक्ससमध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला. हल्लेखोराचा जाहीरनामा आधी '८चॅन' या निनावी चर्चा-साइटवर आला होता. मार्चमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्यानेही तिथेच घोषणा केली होती, एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या पोवेच्या सिनगॉगवर चालून जाणाऱ्यानेही. क्लाउडफ्लेअर आधी 'आम्ही काढणार नाही' म्हणालं आणि मग काही तासांत काढलं. गंमत म्हणजे ८चॅनचा मूळ संस्थापक फ्रेडरिक ब्रेनन स्वतःच ती साइट बंद करा म्हणून सांगत फिरत होता.

मग २०२२. 'किवी फार्म्स' या साइटचा उद्योगच माणसं हेरून त्यांचे पत्ते, घरचे, नोकऱ्या शोधून काढणं आणि त्यांच्या मागे लागणं हा. ट्रान्स व्यक्ती, ऑटिस्टिक माणसं यांच्यावर विशेष नजर. त्या ऑगस्टमध्ये एका कॅनेडियन ट्रान्स स्ट्रीमरच्या घरी खोट्या धमकीच्या मेलमुळे सशस्त्र पोलीस पोचले, आणि तिने क्लाउडफ्लेअरविरुद्ध मोहीम उघडली. ३१ ऑगस्टला कंपनीने लांबलचक निवेदन काढलं: वाईट बोललात म्हणून टेलिफोन कंपनी लाइन तोडत नाही, माणूस वाईट म्हणून अग्निशामक दल त्याचं घर जळू देत नाही, तसे आम्ही. आधीच्या दोन साइट काढल्यावर हुकूमशाही सरकारं मानवी हक्क संघटनांचं संरक्षण काढा म्हणून आमच्या मागे लागली, असंही त्यात होतं. तीन दिवसांनी, ३ सप्टेंबरला, किवी फार्म्स बंद. कारण दिलं 'जिवाला तातडीचा धोका'.

तीन वेळा 'हा अपवाद'. आणि एक चौथी गोष्ट, जिच्यासाठी असले तात्त्विक निबंध निघाले नाहीत: एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेत फोस्टा कायदा (देहविक्रयाला मदत करणाऱ्या साइटना जबाबदार धरणारा) झाल्या झाल्या 'स्विटर' ही देहविक्रय करणाऱ्यांनी स्वतःच्या सुरक्षेसाठी उभी केलेली साइट क्लाउडफ्लेअरने काढून टाकली. तिथे ना खून, ना जाहीरनामा. वकिलांना जोखीम वाटली आणि विषय संपला.

माझं म्हणणं इतकंच की 'आम्ही तटस्थ नळ आहोत' हे खरं नाही, कारण ते निवड करतातच. मग ती निवड नियमाने का होऊ नये? कुणी तक्रार करायची, कुणी ऐकायची, किती दिवसांत, दाद कुठे मागायची? आज याचं उत्तर 'ट्विटरवर किती आरडाओरडा झाला त्यावर' असं आहे. इथल्या नेटवर्कवाल्या आणि वकील मंडळींचं मत वाचायला आवडेल.

आगगाडी | शनिवार, रात्री ११:०५

जागा धरून ठेवतोय. हा धागा शंभरी गाठणार.

जुना_वाडा | रविवार, सकाळी ७:३०

तारयंत्रराव, लेख चांगला, पण उदाहरणं सगळी परदेशातली आणि सगळी घाणेरड्या साइटची. असली उदाहरणं घेतली की उत्तर आपोआप 'काढा' असंच येतं. आपल्याकडचं एक देतो.

डिसेंबर २०११. मुंबईत एमएमआरडीए मैदानावर अण्णा हजारेंचं उपोषण. असीम त्रिवेदी या कानपूरच्या व्यंगचित्रकाराने भ्रष्टाचारावरची चित्रं टाकायला एक साइट सुरू केली होती. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेकडे कुणा वकिलाने तक्रार केली. पोलिसांनी डोमेन विकणाऱ्या बिगरॉकला कळवलं, आणि उपोषणाच्या पहिल्याच दिवशी डोमेन बंद. कोर्टाचा आदेश नाही, सुनावणी नाही. एक चित्र हटवलं असं नाही, अख्खी साइट गेली. त्याने मग चित्रं ब्लॉगवर नेली.

सप्टेंबर २०१२मध्ये त्याला त्याच चित्रांवरून राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. मार्च २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की या चित्रांत राजद्रोह नाही. (त्यांत संताप आहे, पण विनोद काही सापडत नाही, असंही कोर्टाने नोंदवलं. व्यंगचित्रकाराला ते जास्त लागलं असेल.) म्हणजे ज्या मजकुरासाठी डोमेन पाडलं तो गुन्हा नव्हता हे कळायला सव्वातीन वर्षं लागली, आणि बिगरॉकला तो निर्णय घ्यायला फार वेळ लागला नव्हता.

त्याच महिन्यात, २४ मार्च २०१५ला, सर्वोच्च न्यायालयाचा श्रेया सिंघल निकाल आला. आयटी कायद्यातलं ६६अ कलम (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणं गुन्हा ठरवणारं) गेलं म्हणून तो लोकांच्या लक्षात आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, तिथून ते प्रकरण पेटलं. पण या धाग्यासाठी त्यातला त्याच कायद्याच्या कलम ७९चा भाग महत्त्वाचा. मध्यस्थ कंपनीला 'माहिती होती' असं केव्हा धरायचं? कुणीही तक्रार केली की नव्हे, तर कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आली की. कारण कोर्टाच्या लक्षात आलं होतं की लाखो तक्रारींत खरं-खोटं ठरवणं कंपनीला फार अवघड आहे. माझ्या मते, तिला बसवलं तर ती ठरवत बसणारच नाही, सरसकट उडवेल. बिगरॉकने तेच केलं होतं.

म्हणून माझं उत्तर सोपं आहे. डोमेनवाला, केबलवाला, क्लाउडफ्लेअर यांनी नैतिकता चालवूच नये. न्यायाधीशाची सही आणा.

शेवंता_ठाणे | रविवार, दुपारी १:१५

जुना_वाडा काका, न्यायाधीशाची सही कोण आणणार आणि तोवर काय?

माझ्या मामेबहिणीचे फोटो तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी उचलून, दुसऱ्याच्या शरीरावर चिकटवून एका परदेशी साइटवर टाकले. साइटवर संपर्काचा पत्ता नाही. साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते शोधलं तर मधे उभ्या असलेल्या एका कंपनीचाच आयपी दिसतो (नाव घेत नाही, आणि ती क्लाउडफ्लेअर नव्हे). तिच्या तक्रार-फॉर्मवर खरं नाव आणि ईमेल सक्तीचं. भरला. उत्तर आलं की मजकूर आमच्याकडे नाही, तुमची तक्रार आम्ही साइटच्या मालकाकडे पाठवली आहे. थोड्याच दिवसांत तिची तक्रार, नाव आणि ईमेलसकट, त्याच साइटवर. खाली लोकांच्या कमेंटी.

ही एका कंपनीची चूक म्हणून सोडून देता येत नाही. मे २०१७मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकन शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने नेमकं हेच क्लाउडफ्लेअरबद्दल छापलं होतं: डेली स्टॉर्मरबद्दल तक्रार करणाऱ्यांची नावं आणि ईमेल डेली स्टॉर्मरकडेच जात होती, आणि तिथून त्या लोकांना धमक्या. बातमी आल्यावर कंपनीने निनावी तक्रारीची सोय केली. शार्लट्सव्हिलच्या तीन महिने आधीची ही गोष्ट. तारयंत्र, तुमच्या लेखात ती नाही, आणि मला वाटतं प्रिन्सच्या मूडपेक्षा ती मोठी आहे. 'आम्ही नुसते नळ आहोत' म्हणणारी कंपनी तक्रारदाराची ओळख छळणाऱ्याच्या हातात देत होती. नळ असं काही करत नाही.

तुम्ही दोघंही काढायचं की ठेवायचं यावरच बोलताय. आमच्याकडून बघा ना. आधी मला इतकं तरी कळू दे की सर्व्हर कुणाचा आहे. तेवढं कळलं असतं तर आम्ही थेट तिकडे गेलो असतो.

माद्रिदकर | रविवार, दुपारी २:४०

शेवंताताई, वाचून वाईट वाटलं. बहीण आता बरी असेल अशी आशा.

पण तळाला कुऱ्हाड घातली की काय होतं त्याचा नमुना मी राहतो तिथे आहे, तोही सांगतो. स्पेनच्या फुटबॉल लीगने, म्हणजे ला लीगाने, सामने फुकट दाखवणाऱ्या साइटविरुद्ध बार्सिलोनाच्या व्यापारी न्यायालयातून डिसेंबर २०२४मध्ये आदेश मिळवला. फेब्रुवारी २०२५पासून सामन्याच्या वेळी इथल्या इंटरनेट कंपन्या क्लाउडफ्लेअरचे आयपी पत्तेच बंद करतात. एका आयपीमागे शेकडो-हजारो साइट. शनिवार-रविवार उजाडला की ज्यांचा फुटबॉलशी काडीचा संबंध नाही अशी दुकानं, बागकामाचे ब्लॉग, प्रोग्रामरांची साधनं बंद. इटलीत तर ऑक्टोबर २०२४मध्ये अशाच पायरसी-विरोधी यंत्रणेने गूगल ड्राइव्ह अडवलं होतं.

आणि काका, यात न्यायाधीशाची सही आहे बरं का.

जुना_वाडा | रविवार, दुपारी ३:०५

मान्य. सही आवश्यक आहे, पुरेशी नाही, असं म्हणतो. आपल्याकडेही डिसेंबर २०१४मध्ये सरकारी आदेशाने ३२ साइट अडवल्या, त्यांत गिटहब (प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात ती साइट) आणि इंटरनेट आर्काइव्ह होते. दहशतवादी मजकूर म्हणे. अख्ख्या देशातले प्रोग्रामर नववर्षाच्या तोंडावर बोंबलत होते.

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:५५

नाव सार्थ करून आत्ता ऑफिसातूनच लिहितोय. पुण्यातल्या एका होस्टिंग कंपनीत (जिच्या सर्व्हरवर लोकांच्या साइट राहतात) अब्यूज डेस्कवर, म्हणजे गैरवापराच्या तक्रारींच्या टेबलावर काम करतो. वर बरंच तत्त्वज्ञान झालं, प्रत्यक्ष टेबलावर काय येतं ते सांगतो.

नाझी येत नाहीत. बँकेच्या लॉगिन पानाची नक्कल येते. कुण्या केटररची वर्डप्रेस साइट असते, डिझायनर पैसे घेऊन गेला त्यानंतर कुणी अपडेट केलेली नसते, आणि तिच्या एका फोल्डरात चोराने बँकेचं खोटं पान ठेवलेलं असतं. मालकाला पत्ता नसतो. आम्ही फोन करतो तर त्याला आम्हीच फ्रॉड वाटतो. मग स्पॅम, मग कॉपीराइटच्या नोटिसा. त्यांतल्या काही चक्क खोट्या: एखाद्या क्लासबद्दल विद्यार्थ्याने वाईट लिहिलं की 'हा मजकूर आमचा आहे' म्हणून नोटीस. आणि मग कधीतरी शेवंताताईंच्या बहिणीसारखी तक्रार. ती बाकी ढिगाऱ्याखाली दबलेली असते, आणि तिला सगळ्यांत कमी वेळ उरतो.

आता कोण काय करू शकतं. आम्ही, म्हणजे ज्यांच्या डिस्कवर फाइल आहे ते, एक फोटो काढू शकतो, बाकी साइट तशीच चालू. डोमेन विकणारा एक फोटो काढू शकत नाही. त्याच्याकडे एकच बटण, अख्खं नाव चालू किंवा बंद. क्लाउडफ्लेअरसारखा मधला, एखाद्या पत्त्याकडे वाचकाला पुढे पाठवणं थांबवू शकतो, पण फाइल जिथे आहे तिथेच. आणि त्याच्याही खाली जे केबल-नेटवर्कवाले आहेत त्यांना फक्त आयपी दिसतो. सोसायटीत एकाने थकबाकी ठेवली म्हणून महापालिकेने इमारतीचं पाणी तोडावं तसा प्रकार. त्यांच्याकडे फ्लॅटवार व्हॉल्व्हच नाहीत.

म्हणून आमच्या धंद्यातल्या शहाण्या लोकांचं मत साधारण असं: जिथे सगळ्यांत लहान काप घेता येतो तिथे आधी जा, आणि तिथे लवकर काम करा. मधल्याचं कर्तव्य म्हणजे तक्रारदाराला खऱ्या होस्टचं नाव सांगणं आणि तक्रारदाराचं नाव पुढे न देणं. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर हा वेगळा कप्पा. तिथे कुणी वाद घालत नाही, ज्ञात चित्रांच्या ठशांशी जुळवून यंत्रच पकडतं. क्लाउडफ्लेअरने डिसेंबर २०१९मध्ये तसं साधन ग्राहकांना फुकट दिलं.

चहा आला. बाकी नंतर.

रोखठोक | सोमवार, सकाळी ९:१०

हे सगळे डाव्यांचे चोचले. त्यांना न आवडणारी साइट आली की कंपन्यांना नैतिकता आठवते. 'पार्लर' या उजव्या मंडळींच्या सोशल नेटवर्कचं काय केलं ते विसरलात?

तारयंत्र | सोमवार, सकाळी ९:४०

विसरलो नाही. जानेवारी २०२१, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवरच्या हल्ल्यानंतर अ‍ॅमेझॉनने पार्लरचे सर्व्हर बंद केले, अ‍ॅपल-गूगलने अ‍ॅप काढलं. महिनाभराने ते दुसऱ्या होस्टकडे परत आले. पण त्याच अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१०मध्ये गुप्त सरकारी कागद छापणाऱ्या विकिलीक्सलाही असंच काढलं होतं, साइटचं नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडून देणाऱ्या एव्हरीडीएनएसने त्यांचं काम बंद केलं, व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपालने देणग्या अडवल्या. तेव्हा अमेरिकन सिनेटरचा दबाव होता, कोर्टाचा आदेश नव्हता. तेव्हा टाळ्या वाजवणारे कोण होते ते आठवून बघा. माणसं पक्ष बदलून त्याच खुर्चीत बसतात, म्हणूनच तर नियम मागतोय.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी १२:२०

सगळे नैतिकतेवर बोलताहेत, पैशावर कुणी नाही.

सप्टेंबर २०१६. ब्रायन क्रेब्स हा सायबर गुन्ह्यांवर लिहिणारा पत्रकार. भाड्याने डीडॉस करून देणाऱ्यांना त्याने उघडं पाडलं, म्हणून त्याच्या साइटवर ६२० गिगाबिट प्रतिसेकंद असा हल्ला झाला. लोकांच्या घरातले कॅमेरे आणि राउटर वळवून केलेला, मिराई म्हणून गाजला तोच. अकामाई कंपनी त्याला फुकट संरक्षण देत होती. हल्ला इतका महागात पडायला लागला की त्यांनी त्याला जायला सांगितलं. मग गूगलच्या प्रोजेक्ट शील्डने घेतलं. इथे पत्रकाराचा काही गुन्हा नाही, त्याने घाण पसरवली नाही, तरी पायाभूत कंपनीने हात काढला. आणि गंमत बघा, भाड्याने हल्ले करून देणाऱ्या साइट स्वतः क्लाउडफ्लेअरच्या आड सुखरूप बसल्या आहेत, ही क्रेब्सचीच वर्षानुवर्षांची तक्रार.

दुसरं. ८चॅनला ऑगस्ट २०१९मध्ये काढलं, आणि त्याच महिन्यात क्लाउडफ्लेअरने शेअर बाजारात उतरण्याची कागदपत्रं जाहीर केली. त्यात 'आमच्या काही ग्राहकांमुळे बदनामी होऊ शकते' ही जोखीम म्हणून नोंदवलेली आहे, डेली स्टॉर्मर आणि ८चॅनच्या नावासकट. आता त्या निर्णयात किती टक्के नीती आणि किती टक्के आयपीओ, ते तुम्हीच काढा. मी फक्त तारखा दिल्या.

शेवंता_ठाणे | सोमवार, रात्री ९:३०

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'जिथे लहान काप तिथे आधी जा' हे पटतं. पण किवी फार्म्सचा होस्ट कोण होता?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:३५

तिथेच मेख आहे. मालक स्वतःच होस्ट. स्वतःची यंत्रं, स्वतःची छोटी होस्टिंग कंपनी. तक्रार होस्टकडे पाठवा म्हणजे छळणाऱ्याकडेच पाठवा. लहान काप घेणारा जो डॉक्टर, तोच आरोपी. अशा वेळी खाली सरकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि जितकं खाली जाल तितकी सुरी बोथट.

झालंही तसंच. क्लाउडफ्लेअरने काढल्यावर ते डीडॉस-गार्ड या रशियन कंपनीकडे गेले, तिनेही दोन दिवसांत काढलं. तरी साइट या ना त्या दाराने परत येत राहिली. मग ऑगस्ट २०२३मध्ये हरिकेन इलेक्ट्रिकने, म्हणजे जगातल्या मोठ्या कणा-नेटवर्कपैकी एकाने, त्यांची वाहतूकच पुढे न्यायचं नाकारलं. तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नेटवरच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संस्थेने जाहीर विरोध केला. किवी फार्म्सबद्दल त्यांना जराही प्रेम नव्हतं, साइट भयंकर आहे असं म्हणूनच त्यांनी सांगितलं की कणा-नेटवर्कने मजकूर बघून वाहतूक अडवायला सुरुवात केली तर उद्या प्रत्येक देशाचं सरकार त्यांच्या दारात उभं राहील.

मला विचाराल तर मी दोन्हीकडे आहे. अब्यूज डेस्कवरचा माणूस म्हणून मी क्लाउडफ्लेअरच्या जागी असतो तर किवी फार्म्स कितीतरी आधी काढलं असतं. ग्राहक वाईट बोलतो म्हणून नव्हे, तर तुमचं आवरण वापरून तो माणसांची शिकार करतो म्हणून. मजकूर आणि वर्तन यांत फरक करता येतो. घरच्या पत्त्यांच्या याद्या, कामाच्या ठिकाणी फोन करायच्या मोहिमा, खोटे पोलीस कॉल: हे न वाचता, मत न देता दाखवता येतं. नेटवर्क इंजिनिअर म्हणून मात्र हरिकेनने जे केलं त्याने माझ्या पोटात गोळा आला.

जुना_वाडा | मंगळवार, सकाळी ७:४५

रात्रपाळी, तुमचा मजकूर-वर्तन फरक मी वकिलीच्या चष्म्यातून घासून बघितला. टिकतो. पण तो लावणार कोण, हा मुद्दा उरतोच. अमेरिकेत कलम २३० (दुसऱ्यांच्या मजकुराची जबाबदारी साइटवर न टाकणारं) आणि त्यांची अभिव्यक्ती स्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती यांमुळे कोर्ट असा आदेश सहजी देणार नाही. आपल्याकडे आयटी कायद्याच्या ६९अ खाली सरकार देऊ शकतं, पण २००९च्या नियमांतला १६वा नियम सगळी कार्यवाही गुप्त ठेवायला सांगतो. साइटच्या मालकालाही अनेकदा आदेश मिळत नाही. एकीकडे कोर्ट हात लावत नाही, दुसरीकडे सरकार हात लावतं पण अंधारात. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने, जो फेब्रुवारी २०२४पासून पूर्ण लागू आहे, निदान नुसतं वाहून नेणारे, तात्पुरती प्रत ठेवणारे आणि साठवून ठेवणारे असे तीन थर वेगळे केले आणि साठवणाऱ्यावर 'का काढलं ते लेखी कळवा' अशी सक्ती केली. परिपूर्ण नाही, पण थर वेगळे आहेत हे कायद्याला कळतंय.

आणि सगळ्यांत तळाशी कुणीतरी 'नाही' म्हणू शकतं याचंही उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२२च्या शेवटी युक्रेनने आयकॅनकडे (जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे) रशियाचं डॉट आरयू रद्द करा अशी मागणी केली. देशावर रणगाडे चालून आलेले असताना केलेली मागणी, तिच्यामागचा संताप शंभर टक्के खरा. आयकॅनने नकार दिला. तो नकार मला योग्य वाटतो. डॉट आरयू गेलं असतं तर युद्धाविरुद्ध लिहिणारे रशियन आधी गेले असते.

तारयंत्र | मंगळवार, सकाळी १०:२०

काका आणि रात्रपाळी, तुम्ही दोघांनी मिळून माझा लेख सुधारून दिलात. माझ्या यादीत शेवंताताईंचा मुद्दा पहिला घालतो: काढायचं की नाही हा वाद होईल तेव्हा होवो, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायला आणि खरा होस्ट सांगायला कुणाचंही तत्त्वज्ञान आड येत नाही. त्यासाठी न्यायाधीश नको, मूडही नको. फॉर्म बदलला की झालं.

काकांशी एका ठिकाणी अजून पटत नाही. कोर्ट हात लावत नसेल तर कंपनीनेही लावू नये, हे मला मान्य नाही. क्लाउडफ्लेअर ही आयकॅन नाही. तिला ग्राहक निवडायचा हक्क आहे, आणि ती पैसे घेते. फक्त निवड जाहीर नियमाने करावी, आणि काढल्यावर कुणाला, केव्हा, का, हे दर सहा महिन्यांनी छापावं. स्विटरसारख्यांचंही.

पाऊलखुण | मंगळवार, सायंकाळी ६:१०

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहितेय. शेवंताताई, माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत तुमच्या बहिणीसारखंच चालू आहे. पोलिसात जायला ती घाबरते. कुठून सुरुवात करायची?

शेवंता_ठाणे | मंगळवार, सायंकाळी ६:२५

आधी प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. तो आधी, तक्रार नंतर. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला-बालकांच्या गुन्ह्यांसाठी नाव न देता तक्रार करता येते. फोटो इन्स्टा-फेसबुकसारख्या ठिकाणी असतील तर २०२१च्या आयटी नियमांनुसार स्वतः पीडितेने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केल्यावर दोन तासांत काढावे लागतात (फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीआधी ही मुदत २४ तासांची होती), त्या तक्रारीत 'नियम ३(२)(ख)' हे शब्द लिहा. अठरा वर्षांवरील असेल तर स्टॉपएनसीआयआय या असे फोटो पसरू नयेत म्हणून चालवलेल्या साइटवर फोटो अपलोड न करता, स्वतःच्याच फोनवर त्याचा ठसा बनवून कंपन्यांना देता येतो. परदेशी साइट असेल तर कुठल्याही फॉर्मवर खरं नाव टाकण्याआधी मला व्यनि (खाजगी निरोप) करा. नवीन ईमेल कसा काढायचा तिथपासून सांगते.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४०

होस्ट शोधायला अडलात तर मलाही व्यनि करा. आयपी आणि साइटचा पत्ता पाठवा, फोटो पाठवू नका.